तेल कालव्यात, दळण पेडगावात

मंडळी, माझी पेडगावची गिरणी आज बंद पडायला आली. सुवेझचा कालवा बंद, तेलाची जहाजं अडकली, असं सेलूच्या धान्याच्या मोंढ्यात रेडिओवर ऐकलंच होतं. आता इंजिनात तेल एकाच दळणापुरतं उरलेलं.

रांगेत सगळ्यात शेवटी धुरपदामावशी, उद्या लेकीचं लग्न.

मी म्हणालो, "मावशी, तेलासाठी जगातल्या देशांची पंचायत बसलीय. निकाल लागू द्या."

"तवर वऱ्हाडाला कच्ची जवारी चारू का, बापू?"

रांगेतल्या बाया हसल्या, आन् एकेकीनं आपली पाटी उचलली. "आधी लग्नाचं दळा. आमी जात्यावर भागवू."

मी इंजिन सुरू केलं. मंडळी, तिकडच्या पंचायतीत रांगेतून असं बाजूला होणारं कुणी असंल का?