कोशीच्चायनने न वाचलेलं पुस्तक

मासा ताजा आहे की शिळा, हे त्याचा डोळा आणि शेपूट पाहून कळतं. मधले काटे मोजत बसायची गरज नसते. कोशीच्चायन पुस्तकंही याच न्यायाने पारखायचा. कल्लूकडवच्या चर्चच्या आवारात कौलारू पुस्तकघर, म्हणजे पुस्तकांचं दुकान, होतं, आणि त्यात तो सव्वीस वर्षं एकाच वेताच्या खुर्चीवर बसत आला होता. खुर्चीचा वेत दोनदा बदलला, खुर्चीतला माणूस तोच राहिला. नवं पुस्तक आलं की तो पितळी सुरीने पहिली दहा पानं सोडवायचा, शेवटची दहा सोडवायचा, मलपृष्ठावरचा मजकूर ओठ हलवत वाचायचा आणि डोळे मिटायचा. डोळे उघडले की पुस्तकाचा निकाल लागलेला असे.

पानं सोडवायची म्हणजे खरोखरच सोडवायची. कोट्टयमचा छापखाना पुस्तकाच्या कडा कापायचा कंटाळा करी. पानं एकमेकांना जोडलेलीच येत. ज्याला वाचायचंय त्याने घरी जाऊन सुरी घ्यावी, असा एकूण हिशेब.

दर डिसेंबरात कोशीच्चायन शिफारशीची यादी करायचा. उजवीकडे अच्चनांसाठी, म्हणजे पाद्र्यांसाठी, दहा पुस्तकं, डावीकडे घरच्यांसाठी दहा, आणि प्रत्येकापुढे एक ओळ. ‘ज्या अच्चनांना प्रवचन थांबवता येत नाही त्यांच्यासाठी.’ ‘जावेशी बोलणं बंद असलेल्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर वाचावं.’ ही यादी चर्चच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला छापली जाई. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं, त्यामुळे पान उलटताना, मीठ शोधताना, मांजर हाकलताना ती यादी अख्ख्या गावाच्या नजरेखालून वर्षभर जात असे. लोक त्याला पुस्तकांचा वैद्य म्हणायचे. त्याची बायको राहेलम्मा म्हणायची, “वैद्य निदान नाडी तरी धरतो.”

त्या यादीत डावीकडे तिसऱ्या क्रमांकावर ‘अश्रूंच्या बारा पायऱ्या’ हे पुस्तक होतं. कुणा परदेशी मिशनऱ्याने लिहिलेलं, कुणीतरी भाषांतर केलेलं. सुरुवात गोड होती, शेवटी प्रार्थना होती, मुखपृष्ठावर कबुतर होतं. कोशीच्चायनने पुढे लिहिलं होतं, ‘शोक झालेल्या घरात हे एक पुस्तक पुरे.’

आता कल्लूकडवची रीत अशी, की माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला जेवून निघणाऱ्या प्रत्येक घराच्या हाती एक पुस्तक द्यायचं. पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली नाव. कर्किडकात, ऐन पावसाळ्यात, पाप्पच्चनची पाच वर्षांची जिनी डोक्यात ताप जाऊन तीन दिवसांत गेली, तेव्हा पाप्पच्चन पुस्तकघराच्या दारात येऊन नुसता उभा राहिला होता. कोशीच्चायनने त्याला काही बोलायला लावलं नाही. यादी पाहिली आणि शंभर प्रती बांधून दिल्या. एवढ्या चटकन दिल्या, की त्या दिवशी त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

जानेवारीपासून मंगळवार बिघडले.

दुपारी तीन वाजता, भात खाऊन सगळं गाव लवंडलेलं असताना, जिनीची आई शोशाम्मा येऊ लागली. काळी छत्री दाराशी उभी करायची, तिसऱ्या फळीपुढे जायचं, पाठ करून थोडा वेळ थांबायचं. मग छत्री उचलायची आणि जायचं. एक शब्द नाही. कोशीच्चायनने पहिल्यांदा लेकीला हाक मारावी तसं विचारलं, “काय हवंय, मोळे?” तिने मान हलवली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हललीही नाही. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या फळीवर ‘बारा पायऱ्यां’ची एक प्रत बोटभर पुढे आलेली असे. तो ती मागे ढकलायचा. पुढच्या मंगळवारी पुन्हा एक पुढे. मग सोमवारपासूनच तो घड्याळाकडे बघायला लागला. मंगळवारी तीनला तो ग्राहक शोधायला रस्त्यावर डोकवायचा. कुणीही चालेल, उधारीवाला अच्चनही चालेल, पण कुणीतरी आत यावं. कुणी येत नसे. छत्रीचं टोक फरशीवर टेकल्याचा आवाज मात्र न चुकता येई. पुढे पुढे तो आवाज गुरुवारीही यायला लागला, आणि रविवारी चर्चमध्ये ऐन उपदेशात.

“ती बाई काही बोलत नाही म्हणून घाबरता?” राहेलम्माने ताटात कप्पा, म्हणजे उकडलेला साबुकंद, आणि माशाचं कालवण वाढत विचारलं. “मी सदतीस वर्षं बोलतेय, त्याची कधी भीती वाटली नाही ते?”

“तू बोलतेस ते एका कानाने ऐकू येतं. तिचं दोन्ही कानांनी येतं.”

“मग बघा तरी ती काय बघते ते. वैद्य ना तुम्ही?”

अकराव्या मंगळवारी, ती गेल्यावर, त्याने बघितलं. फळीवर चौदा प्रती होत्या. त्यातल्या अकरा प्रतींची पानं कडेला फाटली होती. सुरीने नाही, केसांच्या आकड्याने, दातेरी. सुरुवात जोडलेली, शेवट जोडलेला, मोकळा केलेला भाग प्रत्येकीत एकच. सातवी पायरी.

कोशीच्चायनने ती उभ्यानेच वाचली. कोवळं मूल अकाली उचललं जातं तेव्हा आईबापांनी रडू नये, असं तिथे लिहिलं होतं. त्यांनी आपलं झाकलेलं पाप शोधावं. माळी विनाकारण रोप उपटत नाही. पाप सापडेपर्यंत प्रभूच्या मेजाजवळ, प्रभुभोजनाला, जाऊ नये.

तो खुर्चीत बसला. रविवारी शोशाम्मा प्रभुभोजनाच्या आधी उठून बाहेर विहिरीपाशी जाते, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं. आत गुदमरतं बिचारीला, असं सगळे म्हणत. त्यानेही म्हटलं होतं.

संध्याकाळी तो स्कारिया अच्चनकडे गेला. अच्चन व्हरांड्यात पाय पसरून केळ्याचे काप खात होते.

“अच्चा, ‘बारा पायऱ्या’ वाचलंत का हो तुम्ही?”

“म्हणजे काय! सखोल पुस्तक आहे. मी दोन उपदेशांत उल्लेख केला.”

“सातवी पायरी कशी वाटली?”

अच्चनांनी एक काप तोंडात टाकला आणि तो चांगला बारीक होईपर्यंत चावला. “पायऱ्या कशा, कोशीच्चाया, एकेक करून बघायच्या नसतात. जिना बघायचा असतो.”

“तुमची प्रत द्याल?”

प्रत आली. फोटोतली जिनी नवा फ्रॉक घालून, डोळे बारीक करून उन्हाकडे बघत होती. तिच्या पुढचं एकही पान सुटलेलं नव्हतं. अच्चनांनी ते पाहिलं, कोशीच्चायनने पाहिलं, आणि दोघांनी आवारातल्या फणसाकडे पाहायला सुरुवात केली.

“चाळिसाव्यानंतर मी शोशाम्माच्या घरी गेलो होतो,” अच्चन म्हणाले. “तिने विचारलं, पुस्तक वाचलंत? मी म्हटलं, वाचलं, मुली. प्रत्येक शब्द खरा आहे.”

त्या रात्री कोशीच्चायनला झोप लागली नाही यात नवल नाही. नवल हे, की राहेलम्मा त्याला काही बोलली नाही.

सकाळी सायकलच्या मागे पोतं बांधून तो निघाला. गावातून शंभर प्रती परत आणायच्या. छपाईत दोष निघाला, असं सांगायचं ठरवलं होतं. पहिलं घर ईट्टियवीरा मास्तरांचं, निवृत्त हेडमास्तर.

“दोष?” मास्तर म्हणाले. “मी दोनदा वाचलं. मला तर एक चूक दिसली नाही.” प्रत त्यांनी पंख्याच्या टेबलाखालून काढली, टेबल लगेच डुगडुगायला लागलं. पानं जोडलेली.

“वाचलं हो, डोळ्यांतलं पाणी खळेना,” असं मरियाक्कुट्टी म्हणाली, आणि प्रत लोणच्याच्या भरणीवरून उचलली. झाकणाचा गोल डाग कबुतराच्या मानेभोवती बसला होता. पानं जोडलेली. रेशन दुकानदाराने तर त्यातला एक उतारा तोंडपाठ म्हणून दाखवला. तो दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातला होता.

सगळ्यांनी वाचलं होतं. शोशाम्मालाही सगळ्यांनी सांगितलं होतं. कुणी बाजारात तिचा हात धरून, कुणी कुंपणावरून: तुझ्या जिनीचं पुस्तक वाचलं, फार पटलं बघ. शोकातल्या बाईला दुसरं काय सांगणार? कल्लूकडवात खोटं बोलणारा माणूस सापडणं कठीण. पण पुस्तक वाचलं म्हणणं हे खोट्यात धरतच नसत. ते नमस्कार म्हणण्यासारखं होतं.

पोतं जड होत गेलं तसं ते कोशीच्चायनला निराळंच वाटायला लागलं. चढावर तो सायकल ढकलत होता आणि पाठीमागे एकोणनव्वद जिन्या उन्हाकडे डोळे बारीक करून बघत होत्या. कडप्पुरा वळणावर मागचं चाक बसलं. पंक्चर काढणारा गावात एकच होता, आणि तो म्हणजे जिनीचा बाप.

पाप्पच्चनने चाक उलटं केलं, ट्यूब काढली, पाण्यात धरली. बुडबुडे आले. मग त्याची नजर पोत्याच्या तोंडाकडे गेली आणि ट्यूब हातातच राहिली.

“गोळा करताय?”

“हो.”

“का?”

कोशीच्चायन रस्ताभर छपाईचा दोष सांगत आला होता. इथे त्याची जीभ वळेना. “मी ते वाचलं नव्हतं, पाप्पच्चा,” तो म्हणाला. “पुढची दहा पानं वाचली, मागची दहा वाचली. मध्ये काय आहे ते मला काल कळलं.”

पाप्पच्चनने ट्यूब हळूच पाण्यात सोडली. हत्यारांच्या पेटीतून पान्यांच्या खाली हात घालून त्याने एक प्रत काढली, पण दिली नाही. “हिने नाही वाचलं अजून,” तो म्हणाला. “मी लक्ष ठेवून आहे. घरातली प्रत मी कपाटावर टाकलीय. बोललात तर मात्र…”

“तिने वाचलंय.”

“नाही.”

“दर मंगळवारी वाचते. माझ्या दुकानात येऊन.”

पाप्पच्चनने हात पुसले. मग दुकानाला फळी लावली, प्रत काखेत मारली आणि पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं कोशीच्चायनने धरलं. सायकल पाय वर करून तिथेच पडली.

शोशाम्मा ओसरीवर तांदूळ निवडत होती. कोशीच्चायनने पोतं तिच्यापुढे ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दहा पानं, मासा, डोळा, शेपूट. सांगताना ते इतकं मूर्खपणाचं वाटलं, की मध्येच त्याला हसू फुटेल अशी भीती वाटली, आणि फुटलं ते रडू.

“तुम्ही वाचलं नसेल,” ती म्हणाली. तिचा आवाज त्याने सहा महिन्यांत पहिल्यांदा ऐकला. “गावाने वाचलंय. सगळे मला सांगून गेलेत. अच्चन म्हणाले, प्रत्येक शब्द खरा आहे.”

“वरची प्रत अच्चनांची आहे. उघडून बघ.”

तिने सूप बाजूला ठेवलं. प्रत घेतली, कडेवरून अंगठा फिरवला. पानं हलली नाहीत. दुसरी घेतली. मग तिसरी. फोटोवर ती थांबत नव्हती, सरळ मधे जायची, अंगठा फिरवायची, खाली ठेवायची. ऊन ओसरीच्या पायरीवरून अंगणात उतरलं. एकदाच ती म्हणाली, “दुकानात मी ते बघायला यायचे, कोशीच्चाया. वाटायचं, आमच्याच घरच्या प्रतीत तसं चुकून छापलं असेल. एखाद्या तरी प्रतीत निराळं असेल.” आणि पुन्हा अंगठा.

एकोणनव्वद झाल्या. एकही उघडलेली नव्हती. मग नवऱ्याच्या काखेकडे बघून तिने हात पुढे केला.

“ही नको,” पाप्पच्चन म्हणाला.

हात पुढेच होता. त्याने दिली.

या प्रतीची पानं सुटलेली होती, सुरीने, नीट, पहिल्यापासून. सातव्या पायरीपर्यंत ती उलटत गेली आणि तिथे अडली. तेवढीच पानं एकमेकांना घट्ट चिकटवलेली होती, पंक्चरच्या सोल्यूशनने, कडेला काळपट ओघळ येईपर्यंत. तिने नखाने ओढून पाहिलं. पान फाटलं असतं, सुटलं नसतं. मग तिने पुस्तक नाकाशी नेलं.

“कधी?” तिने विचारलं.

“चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“आणि मला म्हणालात, छान आहे.”

“तू विचारलंस म्हणून म्हणालो.”

“मग एवढे दिवस तुम्हीही…” ती म्हणाली. पाप्पच्चन ओसरीच्या कडेला, तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. आत चुलीवर काहीतरी उतू गेलं आणि चुरचुरलं. कुणी उठलं नाही.

“कोशीच्चाया,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही जा आता.”

तो गेला. पुस्तकं तिथेच राहिली, सायकल तिकडे राहिली. चालत परत येताना दोन्ही बाजूंच्या घरांची दारं उघडी होती. प्रत्येक बैठकीत काचेचं कपाट, त्यात रांगेने उभी पुस्तकं. या घरात सहा, त्या घरात अकरा, सगळी त्याच्या यादीतली. सव्वीस वर्षांची. आजवर ती त्याला ओळखीची वाटायची. आज ती काचेआडून पाठ करून उभी होती, तोंडातून शब्द न काढता, आणि त्यांच्या मधल्या पानांत काय आहे हे त्यांनाच ठाऊक होतं. तो रस्त्याच्या मधोमध चालू लागला.

“कोशीच्चाया,” एका फाटकातून एलिक्कुट्टीने हाक मारली. ओलं फडकं तिच्या हातात होतं. “आमच्या म्हाताऱ्या अम्मच्चीचं काही खरं नाही हो. डॉक्टर म्हणतो, आठवडा. तिला वाचून दाखवायला एखादं चांगलं पुस्तक सांगा ना. तुम्ही सांगाल ते.”

तो थांबला. नेहमीसारखे डोळे मिटले, आणि घाबरून लगेच उघडले.

“मी वाचलेलं नाही,” तो म्हणाला.

“कुठलं?”

“एकही.”

एलिक्कुट्टी खळखळून हसली. “तुमची थट्टा काही जायची नाही,” ती म्हणाली, आणि फाटकाला टेकून नाव सांगायची वाट बघत उभी राहिली.