डॅश म्हणणारे सर

लातूरला घराच्या पुढच्या हॉलमध्ये मी इंग्रजीचा क्लास घेतो. इंग्रजी क्रियापदांना अप, ऑफ, इन, आउट अशा ज्या शेपट्या लागतात, तो आपला हातखंडा विषय. मी वाक्य म्हणायचं, रिकाम्या जागी ‘डॅश’ म्हणायचं, पोरांनी ओरडायचं. ‘ही गेव्ह डॅश स्मोकिंग!’ ‘अप!’ गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा निम्मी यादी पाठ झालीय. मात्र यातलं एखादं वाक्य जित्याजागत्या माणसाशी बोलायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. बोलणार तरी कुणाशी? गंजगोलाईच्या बाजारात भाजीवालीला ‘गिव्ह अप’ म्हणू का?

पाळी आली ती नातीमुळं. लेक-जावई परदेशात, नात सात वर्षांची, तिकडंच जन्मलेली. ‘आजी-आजोबा’ सोडलं तर मराठी शून्य. लेक तिला पंधरा दिवस एकटीला आमच्याकडं सोडणार म्हटल्यावर मी हरखलोच. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणजे नात माझीच! बायकोला वर चिडवलंसुद्धा, ‘तुझं कसं होणार आता?’ बायको नांदेडची. म्हणाली, ‘माझी फिकर करू नका.’

पहिल्याच सकाळी पोरगी माझ्या खुर्चीपाशी आली. ‘व्हॉट आर यू अप टू, आजोबा?’ काय चाललंय, एवढंच विचारत होती बिचारी. पण माझ्या यादीत ‘अप टू’ म्हणजे ‘पर्यंत’. कुठपर्यंत? मी डोक्यात पानं उलटतोय तोवर ती गेलीसुद्धा. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, ‘ये गं बाई, बस. हे सोल.’ दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. चार दिवसांत पोरगी ‘येस’ला ‘हाव’ आणि ‘व्हेरी’ला ‘लई’ म्हणायला लागली. माझ्यापाशी यायची, मी तोंड उघडायची वाट बघायची आणि निघून जायची. माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

बायको म्हणाली, ‘अहो, तुमची इंग्रजी काय लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवलीय? काढा की पोरीसाठी थोडी.’

हे फार झोंबलं. म्हणून मी नातीला क्लासात नेलं. तिथं तरी कळेल, आपला आजोबा काय चीज आहे! पहिल्या बाकावर बसवली. पोरांना म्हटलं, ‘खास परदेशातून आलीय, ऐका आता.’ आणि खणखणीत आवाजात विचारलं, ‘शी टर्न्ड डॅश द लाइट!’

ती म्हणाली, ‘ऑन.’

गाइडात ‘ऑफ’ होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडून निघालं, ‘राँग!’

पोरं हसली. ती गोंधळून म्हणाली, ‘बट व्हॉट इफ इट वॉज डार्क?’

बरोबर होतं तिचं. अंधार असेल तर दिवा लावणारच की कुणीही. मला तिथंच कळलं होतं. पण भरल्या वर्गात सर चुकतात होय? मी मराठीत म्हटलं, ‘पेपरात अंधार नसतो.’ पोरं आणखी हसली. तिला माझे शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. मग ती मान खाली घालून बसली. क्लास सुटला, सगळी पोरं रोजच्यासारखी उभी राहून हात जोडून ‘थँक यू, सर’ म्हणाली, तेव्हा त्यांचं बघून तीही उभी राहिली.

त्यानंतर ती माझ्या खुर्चीपाशी आली नाही. मला लई वाईट वाटत होतं. माफी मागायचं रोज ठरवायचो, रोज मनात वाक्य जुळवायचो, आणि रोज त्यातली एखादी शेपटी खटकायची. नुसतं ‘सॉरी’ म्हणायला शेपटी लागत नाही, हे सरांना कोण शिकवणार?

हैदराबादहून सुटणाऱ्या विमानासाठी दारात गाडी लागली. नातीनं आजीच्या गळ्यात हात टाकले. ‘आजी, लई याद येईल.’ दोघी रडल्या. मग न्यायला आलेल्या लेकीनं तिला माझ्याकडं ढकललं. ती समोर येऊन ताठ उभी राहिली आणि अदबीनं हात जोडले.

‘थँक यू, सर,’ म्हणाली.

उच्चार बाकी एकदम शुद्ध होता.