काट्याखालची जमीन

जेसीबी वजनकाट्यासमोर येऊन उभा होता आणि वंदनाताई फोनवर मला विचारत होत्या, आता काय करू.

"मॅडम, काटा उखडतो म्हणून राह्यले हे लोकं. नोटिशीचे पंधरा दिवस संपले म्हणतात."

"काट्यावर आत्ता गाडी आहे का?"

"हाव. मक्याचा ट्रक हाय."

"ड्रायव्हरला म्हणावं, गाडी हलवू नको. तुम्ही तिथे कोणाला तरी बसवा आणि सगळे कागद घेऊन माझ्याकडे या."

मी खामगावला दिवाणी वकिली करते. वंदनाताईंचा काटा नांदुरा रोडवर आहे. भरलेला ट्रक जसाच्या तसा उभा करून त्याचं वजन करतात, तो काटा. जमिनीत काँक्रीटचा खड्डा, वर लोखंडी प्लॅटफॉर्म. एकदा बसवला की बसवला, तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ताई आधी कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनाच्या पावत्या लिहायच्या. बारा वर्षं दुसऱ्याच्या काट्यावर बसून झाल्यावर त्यांनी स्वतःचा टाकला. जागा दिगंबर पाटलांची, मोकळा बिगरशेती प्लॉट, पंधरा वर्षांच्या भाड्याने घेतलेला. चौथ्या वर्षी पाटील मुलीकडे नागपूरला राहायला गेले आणि जाताना प्लॉट विकून गेले. घेणारे राजूशेठ, टाइल्सचे व्यापारी. त्यांना तिथे शोरूम बांधायचं होतं.

ट्रक दुपारपर्यंत हलला नाही. जेसीबीवाल्याला दुसरीकडे काम होतं, तो निघून गेला. आम्हाला एक दिवस मिळाला.

नोटीस मी वाचली. 'आपला करार पूर्वीच्या मालकांशी होता. माझ्या अशिलाने आपल्याशी कोणताही करार केलेला नाही. नुकसान झाले असल्यास ते पूर्वीच्या मालकांकडे मागावे.' खाली सही बापूसाहेबांची. मी वकिलीला सुरुवात केली तेव्हा पाच वर्षं त्यांच्याच हाताखाली ज्युनियर होते.

"म्हणजे पाटील गेले तं माहा करारबी गेला काय?" ताईंनी विचारलं.

सगळी केस या एका प्रश्नात होती. नुसता करार सही करणाऱ्या दोघांनाच बांधतो. तिसऱ्या माणसाला तो साधारणपणे लागू होत नाही. भाडेपट्टा नुसता करार असेल, तर राजूशेठचं म्हणणं बरोबर होतं. पण कायदा भाडेपट्ट्याला मिळकतीतल्या हक्काचं हस्तांतरण म्हणतो. पाटलांनी पंधरा वर्षांचा वापराचा हक्क ताईंना आधीच देऊन टाकला होता. जे त्यांच्याकडे उरलं नव्हतं, ते ते शेठला विकू शकत नव्हते. शेठनी जमीन घेतली ती ताईंच्या हक्कासकट.

हे मी ताईंना मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं आणि दाव्याच्या पहिल्या मसुद्यात स्वतःच 'कराराचा भंग' असं लिहून मोकळी झाले. टायपिस्टकडे कागद गेल्यावर लक्षात आलं. शेठनी करार केलाच नव्हता, तर मोडला कसा? कागद परत मागवला आणि दावा हक्कावर आणि ताब्यावर नव्याने लिहिला. दुसऱ्या दिवशी कोर्टात दाखल केला. निकाल लागेपर्यंत काट्याला हात लावायचा नाही, असा आदेश मिळाला.

बापूसाहेब व्हरांड्यात भेटले. "दस्त नीट वाचलास का?"

"वाचला, सर."

"वर 'करारनामा' लिहिलंय. आत 'काटा बसवण्याची परवानगी' असा शब्द आहे. परवानगी म्हणजे परवानगी. मालक बदलला की संपली."

मुद्दा पोकळ नव्हता. लग्नाला एका दिवसासाठी हॉल घेतला म्हणून हॉल आपल्या ताब्यात येत नाही. ती नुसती वापरायची परवानगी, आणि नव्या मालकावर ती बंधनकारक नसते. म्हणून कागदावर काय नाव लिहिलंय यापेक्षा जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे होता, हे मला दाखवायचं होतं. ताई तर म्हणणारच, माझ्याकडे होता. ते समोरच्याच्या तोंडून यायला हवं होतं.

दीड वर्षाने राजूशेठ पिंजऱ्यात उभे राहिले. आपण सगळं बघून-तपासून व्यवहार करतो, हे त्यांना कोर्टाला पटवायचं होतं. मी त्यांना ते करू दिलं.

"घेण्याआधी प्लॉट पाहिलात?"

"दोनदा पाहिला. मी न बघता काही घेत नाही."

"काटा दिसला?"

"दिसला ना."

"गेटला कुलूप होतं?"

"पहिल्या वेळी होतं."

"मग पाटलांनी उघडलं?"

"त्यांच्याकडे किल्ली नव्हती. त्यांनी बाईंना फोन केला. अर्धा तास उन्हात थांबलो आम्ही."

मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात न्यायाधीशांनी मान वर केली.

"म्हणजे पाटलांना स्वतःच्या प्लॉटमध्ये जायचं असलं तर?"

शेठनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब हातातले कागद चाळत होते.

"बाईंनी उघडलं तर जाता येत होतं," शेठ म्हणाले.

न्यायाधीशांनी स्टेनोला ते वाक्य जसंच्या तसं टाइप करायला सांगितलं. मी फाइल मिटली. मला अजून चौदा प्रश्न विचारायचे होते, पण आता विचारले असते तर वाटोळंच केलं असतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. ही परवानगी नाही, भाडेपट्टा आहे. तो जमिनीबरोबर नव्या मालकाकडे आला आहे आणि मुदत संपेपर्यंत काट्याला कोणी हात लावायचा नाही. ताईंना कोर्टाची भाषा कळली नव्हती. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"काटा चालू ठेवा," मी म्हटलं. "अजून नऊ वर्षं."

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि बाहेर जाऊन फोनवर कोणाला तरी म्हणाल्या, "हाव, गाड्या घे. मी येऊन राह्यली."

बापूसाहेब पायऱ्यांवर थांबले होते. "ताब्याचे प्रश्न विचारायला मीच शिकवलं असेल तुला."

"हो, सर. तुम्हीच."

"वाटलंच मला." ते हसले आणि गाडीत बसले. मला तो त्या दिवसाचा दुसरा निकाल वाटला.

शेठनी अपील केलं नाही. शोरूम त्यांनी पुढे फाट्यावर बांधलं. ताई आता त्यांच्या भाडेकरू आहेत आणि त्यांचे टाइल्सचे ट्रक ताईंच्याच काट्यावर वजनाला येतात.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो. ताईंचा रजिस्टर नसता, तर मी कितीही चांगला युक्तिवाद करून हरलेच असते. अकरा महिन्यांच्या साध्या कागदावर दहा-दहा वर्षं धंदा करणारे लोक मी रोज बघते. म्हणून ताईंना विचारलं, तुम्हाला रजिस्टर करायला कोणत्या वकिलाने सांगितलं?

"कोणी नाई सांगतलं," त्या म्हणाल्या. "जिनिंगमधी पावतीवर शिक्का नसला तं गाडी गेटाबाहेर जाऊ देत नव्हते. म्हटलं, याच्यावरबी सरकारचा शिक्का मारूनच घेऊ."

हल्ली कोणी भाड्याच्या जागेचा कागद घेऊन आलं, तर मी आधी कलमं वाचत नाही. मागचं पान उलटून शिक्का बघते.