तिसरा गोलकीपर

कुठल्याही देशाची टीम जाहीर झाली की लोक आधी फॉरवर्ड कोण ते बघतात. आमच्या घरात आधी तिसरा गोलकीपर बघायची रीत. ही रीत आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. युरोपच्या स्पर्धेत सव्वीस जणांची यादी असते आणि त्यात गोलकीपर तीन. पहिला खेळतो. पहिल्याला काही झालं तर दुसरा खेळतो. तिसरा महिनाभर सगळ्यांबरोबर राहतो, जेवतो, घाम गाळतो आणि एक मिनिटही न खेळता घरी जातो. आण्णा त्याच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारायचे.

कारण सरळ होतं. ते स्वतः तिसरे होते. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल चालतो, हे काही नव्यानं सांगायला नको. आमच्या तालमीच्या टीममध्ये आण्णा सात-आठ वर्षं होते. दिवसभर उद्यमनगरात लेथवर काम, त्याआधी पहाटे सराव. मॅचच्या दिवशी मैदानाच्या कडेला बाकावर बसायचे, गुडघ्यांना पट्ट्या बांधून, हातमोजे घालून. सात-आठ वर्षांत एकदाही उठून आत गेले नाहीत.

तालमीच्या वाचनालयात एक इंग्रजी खेळाचं साप्ताहिक यायचं. युरोपची स्पर्धा आली की त्यात सगळ्या टीमांच्या याद्या छापून यायच्या. आण्णा ते एका रात्रीपुरतं घरी आणायचे. मी वाचायची आणि ते शंभर पानी वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. ती नावं वाचताना माझी बोबडी वळायची. 'विच'नं संपणारी एवढी माणसं एका टीममध्ये कशी मावतात, हे मला कळायचं नाही. "वाच की पुढं, थांबू नको," आण्णा म्हणायचे. अकरा जणांत त्यांना रस नसायचा. ते वाट बघायचे तिसऱ्याची.

शाळेत पोरं मला चिडवायची. तुझा बाप बाकाला राखण बसतो, म्हणायची. माझी जीभ लहानपणापासून तिखट. पोरांना मी पुरून उरायची, पण राग घरी आणायची. चौदा वर्षांची असताना, कशावरून भांडण झालं ते आता आठवत नाही, मी आण्णांना तोंडावर म्हटलं, "तुम्हाला खेळता येत नाही म्हणून बसवतात तुम्हाला." आई माझ्या अंगावर धावून आली. आण्णा हसले. "व्हय की," म्हणाले आणि जेवायला बसले.

आता मी गेर्लिंगेनला राहते, श्टुटगार्टच्या कडेला. नवरा टेकडीवरच्या कंपनीत इंजिनियर, मी गावातून यू-बान ट्रेन पकडून शहरात सॉफ्टवेअरच्या ऑफिसात जाते. बारा-तेरा वर्षं झाली. इथल्या रविवारी दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि अशा दिवशी मला घरची आठवण येते. आली की मी एक ठरावीक दिवस काढून बसते. प्रत्येकाकडे असा एखादा दिवस असावा. माझा मिरजेचा आहे.

मी नऊ वर्षांची होते. डावा कान फुटला होता, वाहत होता. मिरजेला कानाचे एक नावाजलेले डॉक्टर होते, त्यांच्याकडे आण्णा मला घेऊन निघाले. मी उंबऱ्यात बसून सँडलचा पट्टा लावत होते. तालमीतलं कुणीतरी सायकलवरून आलं, एक पाय पायरीवर टेकवून आण्णांशी बोललं आणि गेलं. आण्णांनी माझा हात धरला. "चल, एष्टी चुकंल." आम्ही तीन भावंडं, घर दोन खोल्यांचं. वडील एकट्या माझ्या वाट्याला आले असा तो एकच दिवस. मला खिडकी मिळाली. डॉक्टरांनी कान साफ केला तेव्हा मी किंचाळले, मग उसाचा रस मिळाला. परतीला जयसिंगपूरच्या स्टँडवर आण्णांनी भडंगाचा पुडा घेतला. आणि वारा लागू नये म्हणून तिथून कोल्हापूरपर्यंत माझं डोकं कुशीत दाबून कानावर आपला पंजा धरून बसले. लेथवाल्याचा पंजा, तेलाचा वास येणारा. त्या पंजाखाली सगळा आवाज बंद झाला होता आणि मी एकेक दाणा भडंग खात होते. मला तेवढाच दिवस परत मिळाला तरी पुरे, असं मी इथे किती वेळा म्हटलं असेल.

युरोपची स्पर्धा जर्मनीत भरणार असं ठरलं तेव्हाच मी आण्णांना आणायचं ठरवलं होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. कागदपत्रं, हमीपत्रं, फेर्पफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग नावाचा एक गळ्यात अडकणारा कागद, सगळं केलं. एकाहत्तर वर्षांचे आण्णा बॅगेत चटणी आणि ती वही घेऊन उतरले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मुलीला कामाला लावलं. ती बारा वर्षांची, इथल्या फेराइनमध्ये, म्हणजे गावच्या क्लबात, मुलींच्या टीममधून खेळते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, आणि मला इथल्या पोरांसारखं 'मामा' म्हणते, म्हणजे आई. ती फोनवरून याद्या वाचायची, आण्णा वहीत उतरवायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. नावं तशीच जिभेला गाठ मारणारी होती, पण पोरगी अडखळत नव्हती.

मॅचची तिकिटं काही मिळाली नाहीत. पण जवळच्या एका गावात एका छोट्या देशाच्या टीमचा मुक्काम होता आणि एक दिवस त्यांचा सराव लोकांना बघायला खुला होता. आम्ही तिघं गेलो. लोक आपापल्या आवडत्या खेळाडूला हाका मारत होते. आण्णा कुंपणाला लागून थेट टोकाला गेले, जिथे गोलकीपरांचा सराव चालला होता. दीड तास त्यांनी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला मान वळवली नाही. तिसरा पोरगा उंच होता, पोरसवदा. बाकीचे दोघं पाणी प्यायला गेले तरी तो उड्या मारतच होता.

"बघ, हा सगळ्यात जास्त राबतोय," आण्णा मला म्हणाले.

"पण खेळायला मिळणार नाही ना त्याला."

"न्हाई मिळायचं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तरी राबतोय."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला अजून खेळायचं आहे. एकाहत्तराव्या वर्षी. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांची हौस कधीच विझली. मला स्वतःचाच राग आला. बापाला एकदा, फक्त एकदा, गोलपोस्टमध्ये उभं करायचं, असं मी तिथेच ठरवलं. एकदा ठरवलं की मी स्वस्थ बसत नाही, हे आमच्या ह्यांना चांगलं माहीत आहे.

फेराइनमध्ये साठीच्या पुढच्या लोकांचा गेहफुसबॉल चालतो. चालत खेळायचा फुटबॉल, पळायचं नाही. मी फोन केला, परवानगी काढली, आण्णांना बूट घेतले. पोचलो तर मैदान छोटं, गोलपोस्ट माझ्या कमरेएवढी. त्यांच्या म्हाताऱ्या ट्रेनरना मी सांगितलं, हे गोलकीपर आहेत. ते चुकचुकले. या खेळात गोलकीपर नसतोच, म्हणाले, नियमातच नाही.

मी आण्णांना सांगितलं. ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "बिनगोलीचा फुटबॉल! म्हणजे बिनरश्श्याचं मटण की." मग अर्धा तास त्या आजोबांबरोबर चालले, दोनदा चेंडू हातानं अडवला आणि दोनदा शिट्टी ऐकली. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. इथेही जागा नाही म्हणजे काय?

त्यावर तोड काढली पोरीनं. आण्णांच्या जायच्या आदल्या रविवारी तिनं स्वतःचा चेंडू काखेत मारला आणि आजोबांना बाहेर चला म्हणून खूण केली. आमच्या घरामागे बोल्त्सप्लात्स आहे, पोरांचं जाळीबंद मैदान. तिथे लोखंडी गोलपोस्ट आहे, पुऱ्या उंचीची नाही, पण माणूस उभा राहील एवढी. दुपारी आवाज करायचा नाही अशी इथली नियमाची वेळ असते, ती संपली होती. आण्णा पोस्टमध्ये जाऊन उभे राहिले. आधी उजव्या खांबाला हात लावला, मग डाव्या. मग गुडघे वाकवून थांबले. मी त्यांना असं उभं राहिलेलं जन्मात पाहिलं नव्हतं.

पोरीनं पहिला चेंडू हळूच ढकलला. आण्णांनी तो उचलला आणि रागानं परत फेकला. "ए पोरी, मी काय काचंचा हाय व्हय? मार जोरात."

मग तिनं मारला. तिची किक कशी असते मला माहीत आहे, आमच्या तळघराच्या दाराला अजून पोचा आहे. आण्णांनी तो डावीकडे वाकून छातीशी धरला. पुढचा मुठीनं बाहेर काढला. पुढचा पायानं. दहातले तीन आत गेले, सात अडवले. सातव्याला ते आडवे पडले आणि मी ओरडत आत धावले. त्यांचा गुडघा सोलला होता. तसेच बसून ते मातीचा हात पँटीला पुसत होते.

"मामा, हे तर खरंच चांगले आहेत," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. मग विचारलं, "मग यांना कधी खेळवलं का नाही?"

"काय म्हणायलीय पोर?" आण्णांनी विचारलं. मला सांगावंसं वाटत नव्हतं, पण सांगितलं.

"एकदा बोलावणं आलतं," ते तिलाच म्हणाले. "सेमीफायनल हुती. पहिल्याचं बोट मोडलेलं, दुसरा तापानं झोपलेला. सकाळी दारात सायकलवरनं माणूस आला. म्हणाला, चल, आज तू उभं ऱ्हायचंस. तुझ्या आईचा कान फुटला हुता. डाक्टरची वेळ पंधरा दिवसांनी मिळालेली. म्हटलं, न्हाई जमायचं."

मी तिथेच जाळीला टेकले. मग विचारलं, "मग कोण उभं राहिलं?"

"एका बॅकला उभा केला. तीन-शून्यनं जिंकले की." आण्णा हसले. "गोली न्हवता तरी जिंकत्यात म्हटल्यावर परत कोण बोलावतंय?"

मी मुलीकडे वळले, नेहमीच्या सवयीनं, भाषांतर करायला. ती म्हणाली, "हाब फेरश्टांडेन, मामा." समजलं. आणि ती माझ्या डाव्या कानाकडे बघत राहिली.

आण्णा परत गेले. आता गुडघा धरतो, विमान नको म्हणतात. "तू ये की," म्हणतात, आणि मी सुट्ट्यांचा हिशेब करत बसते. त्यांच्या वहीत त्या स्पर्धेच्या सगळ्या टीमा आहेत, तिसऱ्यांच्या नावांखाली रेघा आहेत. त्या छोट्या देशाचा उंच पोरगा एकही मिनिट खेळला नाही, हे मी नंतर शोधून काढलं. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "ठाऊक हाय."

एकदा फोनवर मी धीर करून विचारलं, "आण्णा, मिरजेचा तो दिवस. जयसिंगपूरला भडंग घेतलं होतं, आठवतं?"

"कसलं भडंग?" ते म्हणाले. मग म्हणाले, "मॅच साडेचारला हुती. आपण एष्टीत हुतो. कंडक्टरला टायम इचारला, एवढं आठवतंय."

मला ते आठवत नाही. सगळा आवाज बंद होता ना माझ्यासाठी, त्यांच्या पंजाखाली.

तो दिवस मी अजून काढून बसते. दुसरा दिवसच नाही माझ्याकडे. पण आता त्यात सायकलवाला दारात जास्त वेळ उभा असतो. मी उंबऱ्यात सँडलचा पट्टा लावत असते. मला म्हणायचं असतं, आण्णा, जावा तुम्ही, कान काय, पंधरा दिवसांनीही फुटलेलाच असेल. मी म्हणायला तोंडही उघडते. पण खरं सांगते, तेवढ्यात ते माझा हात धरतात, आणि तो मला सोडवत नाही.