खंड्याचं पीस

मासे पकडायच्या गरीला पीस बांधायचं ते पांढऱ्या कोंबड्याचंच, दोरा लाल आणि वेढे सात. आमच्या खाडीवर हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण वामनकाकांसमोर सहाव्या वेढ्यावर थांबून दाखवा! काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. गरवायला मला त्यांनीच शिकवलं.

काल धक्क्यावर खंड्याचं गळलेलं पीस सापडलं, निळंशार. मी तेच बांधलं, ओढणीचा हिरवा धागा ओढून, घट्ट बसेपर्यंत. वेढे मोजले नाहीत.

"हे काय सोंग?" काका म्हणाले. "आपल्यात असं बांधत नाहीत."

आपल्यात! मी गरीकडे बघत बसले. ज्यानं पहिल्यांदा पांढरं पीस बांधलं, त्याच्या अंगणात पांढरा कोंबडा फिरत असणार, एवढंच. हाताला आलं ते त्यानं बांधलं. मग त्याच्यासारखं वागतंय कोण, काका की मी? आपण त्याचं पीस तेवढं जपलं, त्याचं धाडस केव्हाच खाडीत सोडून दिलं.

भरती येऊन गेली. दोघांनाही मासा लागला नाही.

"पाणी गढूळ आहे आज," काका आपली गरी पुसत म्हणाले. मग माझ्या गरीकडे बघून मान हलवली. "असलं पीस बांधल्यावर कसा लागेल? उद्या पांढरं आणतो तुला."

मी निळ्या पिसावर फुंकर घालून ते वाळवलं आणि गरी डब्यात ठेवली.

"नको काका," मी म्हटलं. "पाणी माझ्याही बाजूला गढूळच होतं."