निळ्या रेघेवर पांढरी रेघ

टॉवरकाकांच्या जीपला घरात धाकटी म्हणतात. नाव काकूंनी ठेवलेलं. काका वीजखात्यातून निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याने ही गाडी मोडीत काढली. काकांनी ती लिलावात घेतली आणि तोंडभर हसत घरी आणली, तेव्हा काकू दारातूनच म्हणाल्या, "या वयात धाकटी आणलीत होय? आता काढा तिच्या खस्ता." काकांनी खरोखरच काढल्या. जिचं स्टिअरिंग एकवीस वर्षं हातात धरलं, ती गाडी कुणा भंगारवाल्याने कापावी हे त्यांच्याने बघवलं नसतं.

टॉवरकाका म्हणजे विजेचे टॉवर चढणारे नव्हेत, चढणाऱ्यांना तिथवर नेणारे. हा फरक लोकांना कळत नाही आणि काकांनीही तो कधी समजावून सांगितला नाही. मान आपण होऊन मिळत असेल तर नाही कशाला म्हणा.

घर टेकडीच्या माथ्याजवळ, खात्याच्या जुन्या गोदामाशेजारी. खालच्या फाट्यापासून तिथपर्यंत चार किलोमीटर नुसते दगड आणि मधे एक कोरडा ओढा. त्याला रस्ता म्हणणं ही बोलणाऱ्याची भलमनसाई. साधी मोटार पहिल्याच चढाला हात टेकते. त्यामुळे हिशोब सरळ होता: धाकटी चालते तोवर काका-काकू त्या घरात. शहरात राहणाऱ्या लेकीने तीन वर्षांपासून त्यांच्यासाठी एक खोली रिकामी ठेवली होती आणि स्पष्ट सांगून टाकलं होतं, "गाडीने एकदा जरी दगा दिला ना बाबा, तर मी तुमचं काही ऐकणार नाही."

म्हणून काका गाडीला दगा देऊ देत नसत. शेडच्या भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्यामागे पेन्सिलीने त्याचाच आकार काढलेला, म्हणजे कोणता जागेवर नाही ते पाहताक्षणी कळावं. घमेल्यात रॉकेल, जुन्या बरण्यांत नटबोल्ट. मागचे स्प्रिंगचे पाटे त्यांनी दोनदा बदलले, क्लचप्लेट घरीच बसवली, गिअरबॉक्स उतरवला तेव्हा आठ दिवस जेवणसुद्धा शेडमध्येच झालं. काकू म्हणाल्या, "तिच्याशेजारीच अंथरूण घाला की." पण ताट त्याच घेऊन आल्या.

या शेडमध्ये एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. ज्याच्या हातात पाना, त्याच्या हातात खडू नाही. चाक बसवलं की काका एकेक नट आवळायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "घट्ट." मग शेजारी स्टुलावर बसलेल्या काकू पुढे वाकायच्या, नट चाचपायच्या आणि नटावरून थेट रिमवर जाणारी एक पांढरी रेघ खडूने ओढायच्या. नट जरा जरी सैल पडला तरी रेघ तुटते आणि डोळ्यांना दिसते. आवळणाऱ्याला आपलं काम नेहमीच चोख वाटतं, म्हणून खूण दुसऱ्याने करायची. खात्यात असताना काकांच्या जोडीदाराने घाईत दोन्ही कामं स्वतःच उरकली होती. उतारावर चाक निखळलं आणि तो माणूस पुन्हा कधी दोन पायांवर उभा राहिला नाही. काका त्याबद्दल फारसं बोलत नसत. पण घरी गाडी आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंच्या हातात खडू दिला होता.

त्या आठवड्यात लेक चार दिवस राहायला आली होती. ती परत जायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी मागचं डावं चाक काढून ब्रेक साफ केला आणि चाक पुन्हा चढवलं. पाच नट, पाचदा "घट्ट", पाच रेघा. लेक शेडच्या दारात पाय पसरून बसली होती. नंतरही ती आईला सोडेना. आईबरोबर स्वयंपाक, आईबरोबर गप्पा, झोपायलाही आईच्याच खोलीत.

सकाळी सामान गाडीत चढलं तेव्हा काकू त्या चाकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एकदा बघून घ्या ना हे."

"खूण आहे ना? मग झालं."

लेकीची बॅग मागे सरकवताना काकूंनी पुन्हा तेच म्हटलं. काका बसले तेव्हा तिसऱ्यांदा. "पाचच मिनिटं थांबू या. मला नीट बघू द्या."

"आई, कितीदा तेच ते?" लेक हसत म्हणाली. पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. आईकडे तिने जरा निरखून पाहिलं.

ओढ्यात उतरताना मागून टकटक आवाज यायला लागला. काकांनी गाडी जागच्या जागी थांबवली आणि खाली उतरले. दोन नट गळून पडले होते. उरलेले तीन त्यांनी चिमटीत धरले तर फिरले. तेच पाचशे पावलं पुढच्या कड्याच्या वळणावर झालं असतं तर हे सगळं लिहायला कारण वेगळं असतं.

मग काकांनी कधी केलं नव्हतं ते केलं. लेकीदेखत काकूंवर ओरडले.

"रेघा तू ओढल्यास! हात न लावता ओढल्यास? लक्ष कुठे असतं तुझं?"

काकूंनी मान खाली घातली. ओढ्यातल्या गोट्यांकडे बघत म्हणाल्या, "चुकलं माझं. राहून गेलं असेल."

लेकीने आईचा हात धरला. उरलेले तीन नट आवळून सावकाश घरी परत आल्यावर तिने फोन केला आणि गुरुवारची वेळ घेतली. विसराळूपणा तपासणाऱ्या डॉक्टरांची. "आईचं सगळं ठीक निघालं तर मी चकार शब्द काढणार नाही," ती बाबांना बाजूला घेऊन म्हणाली. "पण डॉक्टर काही वेगळं बोलले, तर घराला कुलूप."

बुधवारी काकांनी नवे नट आणवले, चाक बसवलं आणि पाचही नट आवळले. काकूंना बोलावलं नाही. सुताराकडून आणलेला निळा खडू होता, त्याने रेघा स्वतःच ओढल्या. नियम मोडताना त्यांना लाज वाटली, पण बायकोवर विश्वास ठेवायची त्याहून जास्त भीती वाटली. एवढ्या वर्षांचा संसार आणि माणूस एका संध्याकाळीत असा परका होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी ते चाकाशी उकिडवे बसले. निळी रेघ तुटली होती. पाचही नटांवर. रिमवरचा निळा तुकडा जिथल्या तिथे, आणि नटावरचा तुकडा चांगला पाव फेरा पुढे गेलेला. सैल पडून मागे नव्हे, आवळून पुढे. आणि त्यावर नव्याने ओढलेली, सरळ, पांढरी रेघ.

काकांनी पाना घेतला आणि पहिला नट उघडायला जोर लावला. हलला नाही. दुसऱ्याला लावला. पायाने रेटलं. नाही. आपणच काल आवळलेले नट आपल्यालाच उघडेनात. ते तिथेच जमिनीवर बसून राहिले. आपला तळहात वर करून बघितला. हात होता तसाच दिसत होता.

काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. काका दारात उभे राहिले.

"कशाने आवळलेस?"

काकूंनी पुसलेलं भांडं पालथं ठेवलं. मग ओट्याखालून हातभर लांबीचा एक नळाचा तुकडा काढला. पान्याच्या दांड्यावर तो चढवला की दांडा लांब होतो आणि कमी जोरात काम होतं. एका टोकाला चादरीची पट्टी गुंडाळलेली, हाताला लागू नये म्हणून. पट्टी मळून काळी झाली होती.

"किती दिवस?"

"दोन वर्षं होतील. तुम्ही आंघोळीला गेलात की मी जायचे. परवा लेक हलेना जवळून, तिच्यासमोर कशी जाऊ?"

"मला सांगायचंस."

"काय सांगायचं?" काकूंचा आवाज चढला. "न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला, आठवतं? तुम्ही दोनदा वायसर बदललंत. वायसरला काही झालेलं नव्हतं. तुमच्याच्याने नळ पुरता बंद होत नव्हता. मी मागून जाऊन बंद करायला लागले, ठिबकणं थांबलं, आणि तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलात की कसा दुरुस्त केला. इतके खूश होतात. कोणत्या तोंडाने सांगू?"

काकांना रडू येत होतं आणि ते त्यांनी दाबलं नाही.

"हे बघा," काकू जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मला सगळं नीट आठवतं. डॉक्टर काय विचारतील ते विचारू देत, मी उत्तरं देईन. लेक गप्प बसेल. आवळायचं काम आपण दोघं मिळून करू. घरही राहील आणि तुमची धाकटीही."

"आणि हँडब्रेक?"

काकूंनी सुटलेली पट्टी नळावर परत गुंडाळली.

"थंडीपासून दोन्ही हातांनी ओढतोय," काका म्हणाले. "तू शेजारी बसलेली असतेस. तेही तुला माहीत असेल."

"माहीत आहे."

"मग?"

काकूंनी नळाचा तुकडा परत ओट्याखाली सरकवला. बाहेरून लेकीने हाक मारली. काकांनी चावी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, माझी मान अवघडली आहे, आज तू चालव. सावकाश उतर. लेकीला नवल वाटलं, पण आईच्या काळजीत तिने फार विचारलं नाही. काका शेजारी बसले. चार किलोमीटरांत ते फक्त ओढ्यात एकदा डावीकडून घे म्हणाले.

डॉक्टरांची खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, वजनाचा काटा. डॉक्टरांनी काकूंना वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. काकूंनी केलं. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. काकूंनी पाचही सांगितले, वर डॉक्टरांनी मधेच आवाज बदलून कोणता शब्द म्हटला होता तेही सांगितलं. डॉक्टर हसले.

"यांना काही झालेलं नाही. तुमच्या-माझ्यापेक्षा डोकं पक्कं आहे."

लेकीने सुटकेचा श्वास टाकला. तिचे डोळे भरून आले. "मग परवा फक्त चुकून झालं, आई. होतं कधीकधी. मी उगीच घाबरले. राहा तुम्ही तुमच्या घरात."

काकू उठल्या. पर्स उचलली. काकांकडे अशा नजरेने पाहिलं की आता चला, सगळं निभावलं.

काका उठले नाहीत.

"चूक हिची नव्हती," ते म्हणाले. "मी ओरडलो, हिने अंगावर घेतलं. डॉक्टर, तपासायचं ते माझा हात तपासा."

"अहो..." काकू म्हणाल्या.

"बस तू."

डॉक्टर खुर्ची ओढून समोर आले. आपली दोन बोटं त्यांनी काकांच्या तळहातात ठेवली आणि काकांची मूठ त्याभोवती मिटवली.

"आता दाबा. सगळा जोर लावून."

काकांच्या मानेची शीर ताणली. दात आवळले गेले, खांदा थरथरायला लागला. लेक आधी बाबांकडे बघत होती, मग डॉक्टरांच्या बोटांकडे.

डॉक्टर अजून थांबलेले होते. "हं काका," ते हळूच म्हणाले, "करा सुरुवात."

"दाबतोय," काका म्हणाले.