हवालदाराचा डावा कान

माझी मावशी कुत्र्यांना अहो-जाहो करते आणि नवऱ्याला अरे-तुरे. त्यामुळे दारात उभं राहून "अहो, इकडे या, तोंड पुसू द्या" असं ऐकलं, तरी ते कोणाला चाललंय याची शंका नसते. काका म्हणतात, लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं तोंड अजून कोणी पुसलेलं नाही.

दोघांचे धंदे एकाच छपराखाली आहेत. पुढच्या खोलीत काका कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि काका दिवसभर गुलाबी हिरडीवर एकेक दात लावत बसतात. मागच्या खोलीत मावशीची शेल्टी पिल्लं. शेल्टी म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांमधली लहान चणीची जात. लांब केस, निमुळतं नाक, आणि कान. मावशीला विचाराल तर बाकीचं सगळं कुत्रं कानांना टेकू म्हणून दिलेलं आहे. कान खालून ताठ हवा आणि वरचा पाव भाग पुढे दुमडलेला. "पुस्तकाचं पान खुणेला मुडपतो ना आपण, तेवढंच," ती सांगते. "पूर्ण उभा राहिला तर कोल्हा दिसतो. पूर्ण पडला तर पाहुणे न जेवता गेल्यासारखा चेहरा."

पिल्लांना पक्के दात यायला लागले की नेमके तेव्हाच कान बिघडतात. काल मुडपलेला आज खांबासारखा. म्हणून मावशी सकाळ-संध्याकाळ मेंढीच्या लोकरीपासून काढलेल्या तेलकट मलमाने कानांची टोकं चोळते, मग टोक आतल्या बाजूला दुमडून वर कागदी चिकटपट्टी लावते. दर पाच दिवसांनी पट्टी काढायची, कान आतून पुसायचा, दिवसभर मोकळा ठेवायचा, मग नवी पट्टी. तिच्याकडून पिल्लू नेलेल्यांचे फोन येतात, त्यांना ती हे अशा आवाजात सांगते की पलीकडचा माणूस उठून उभा राहत असणार. "पाच म्हणजे पाच. सहावा दिवस कॅलेंडरात असतो, कानात नसतो."

काका फरशीवर पडलेला पिल्लाचा दुधाचा दात उचलून भिंगाखाली धरतात. "काम सुबक आहे, पण टिकाऊ नाही."

"तुझ्या दातांपायी माझ्या कानांचं वाटोळं होतं," मावशी म्हणते.

अकरा वर्षं ती हे करतेय. शेल्टी पाळणाऱ्यांची एक संस्था आहे. त्या संस्थेच्या एक मॅडम वर्षातून एकदा घरोघरी पिल्लं बघत फिरतात आणि सगळ्यांतून एकच निवडतात, पुढच्या पैदाशीसाठी. ज्याचं पिल्लू, त्याचं नाव त्यांच्या पुस्तकात. मावशीचं अजून लागलेलं नव्हतं. मॅडम बोलत नाहीत, यादी वाचतात. गेल्या वर्षी टेबलावर पिल्लू ठेवून वाचली, "चाल, उत्तम. केस, उत्तम. दात, उत्तम. कान." मग पेनाला टोपण लावलं. "चहा राहू द्या, मला अजून दोन घरं करायची आहेत." ते "कान." मावशीने वर्षभर पोटात ठेवलं.

यंदाच्या पिल्लांत एक होता, ज्याची तिने इतकी वर्षं वाट बघितली होती म्हणा. चाल अशी की पाण्यावरून चाललाय. उजवा कान तिसऱ्या महिन्यातच बसला. डावा मात्र ताठ. "उजवा विश्राम, डावा सावधान," काका म्हणाले, आणि त्याचं नाव हवालदार पडलं.

मॅडमची यायची तारीख कळली तेव्हा हवालदार साडेचार महिन्यांचा होता. मावशीने तीनदा पट्टी काढली, तीनदा कान टुणकन उभा. चौथ्यांदा लावली ती काढलीच नाही.

"पाच दिवस झाले ना गं?" काकांनी विचारलं.

"तू कवळी बघ."

आठव्या दिवशी त्यांनी परत विचारलं. या वेळी ती मागच्या खोलीत निघून गेली. काकांनी मग विचारायचं सोडलं.

बाराव्या दिवशी दुपारी हवालदाराने टेबलाच्या पायावर डोकं घासघासून पट्टी स्वतःच काढली. आणि कान खालीच राहिला. मावशीने श्वास रोखून दहा मिनिटं वाट बघितली, मग माझ्या आईला फोन लावला. "ताई, बसला. अगं डावा. नाही, हात नाही लावलेला, आपोआप. तू ये ना." आम्ही गेलो. काकांनी बिस्किटांचा पुडा फोडला. मावशी हवालदारासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "किती छळलंत हो तुम्ही." इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती.

संध्याकाळी हवालदार मान डावीकडे झुकवून चालायला लागला.

"हा असा का बघतोय?" काका म्हणाले. "मी काही चुकीचं बोललो का?"

आम्ही हसलो. मावशी हसली नाही. तिने त्याला जवळ घेतलं, दुमडलेला कान दोन बोटांनी उचलला आणि नाक आत नेलं. मग कापूस आणून पुसलं. कापूस तपकिरी निघाला. तिने तो मुठीत दाबला, कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातला आणि हात धुतले. जनावरांचे डॉक्टर दहा मिनिटांवर, आठपर्यंत उघडे. भिंतीवर साडेसहा वाजले होते. ते घड्याळ तिने बघितलं, मी तिला बघताना बघितलं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. थकलेत ते. उद्या मॅडम येऊन गेल्या की दाखवून आणते."

कान बसला नव्हता, दुखत होता म्हणून खाली होता. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. पट्टी लांबली की कान आतून पिकतो, असं तीच लोकांना सांगते.

सकाळी दहाला मॅडम आल्या. हवालदार टेबलावर, मावशीचा हात त्याच्या छातीखाली. "चाल, उत्तम. केस, उत्तम. दात, उत्तम." मग मॅडमनी चष्मा वर केला. "कान. कान, फारच सुंदर. कसा बसवलात हो?"

त्यांनी दुमडीला बोट लावलं. हवालदार कुंईसुद्धा करेना. डोळे मिटून त्याने डोकं मावशीच्या कोपरात खुपसलं.

"स्वभाव, शांत," मॅडम लिहायला लागल्या.

"शांत नाहीत ते," मावशी म्हणाली. "दुखतंय त्यांना."

"कधीपासून?"

"मला कालपासून माहीत आहे. त्यांना त्याच्या आधीपासून."

"पट्टी किती दिवस होती?"

"बारा."

मॅडमची यादी तिथे संपली. "अहो ताई," त्या म्हणाल्या, एवढंच, आणि स्वतःच्या गाडीतून मावशीला आणि हवालदाराला डॉक्टरांकडे सोडलं.

डॉक्टरांना प्रत्येक वाक्यात "बघा ना" लागतं. "आत पू झालाय बघा ना. डोकं झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साठलंय बघा ना. काल आणलं असतं तर..." आणि ते मलमाचं झाकण लावत बसले.

"तर काय?" मावशीने विचारलं.

"आज बोलून काय बघा ना."

पुढे महिनाभर थेंब, पट्ट्या, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. जखम भरली. डाव्या कानाने ऐकू येणं गेलं. आणि पाळीतलं रक्त सुकताना ती आकसली, ती बरोबर वरच्या पाव भागात, पुढच्या बाजूला. पान मुडपावं तशी. काकांनी ते भिंगाशिवायच बघितलं आणि पुढच्या खोलीत निघून गेले. त्यावर त्यांनी आजवर एकही विनोद केलेला नाही.

मॅडमनी दुसरीकडचं पिल्लू निवडलं. हवालदार मावशीकडेच राहिला. त्याला फिरायला नेलं की लोक थांबतात. शेल्टीवाले तर रस्ता ओलांडून येतात. "वा, काय कान आहेत. युक्ती काय?" मावशी सगळ्यांना एकच सांगते, पट्टी बारा दिवस ठेवली, तुम्ही ठेवू नका. लोकांना वाटतं, धंद्यातली गोष्ट आहे, लपवतेय.

गेल्या आठवड्यात एक शिक्षिका आपलं पिल्लू घेऊन आली, दोन्ही कानांना पट्ट्या. तिने हवालदाराकडे बघितलं, मावशीचं ऐकलं आणि मान डोलावली. "बारा ना? आमचे आज आठ झालेत. अजून चार."

मावशीने तिचा हात धरून तिला हवालदाराजवळ बसवलं. तिचं बोट दुमडीच्या आत, जिथे गाठ कडक झालीय तिथे टेकवलं. मग त्याच्या मागे उभी राहून, उजवा कान तळव्याने झाकून, डाव्या कानाशी हळूच चुटकी वाजवली. हवालदार समोरच बघत राहिला. अजून एकदा वाजवली.

शिक्षिका उठली. तिने पिल्लू टेबलावर ठेवलं आणि पट्टीचं टोक शोधायला लागली. तिला जमेना, म्हणून मावशीने काढली. दोन्ही कान टुणकन उभे राहिले.

मावशीने वाकून एकेक कान हुंगला. उजवा, डावा, परत उजवा.

"काही नाहीये ना?" शिक्षिकेने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली, आणि परत डावा हुंगायला वाकली.